शिकारी पक्ष्यांची मोजणी साताऱ्यात करायची तर गडावर बसायचं की माळावर?

यवतेश्वरी_वारा
नमस्कार मंडळी. पावसाने एकदाचं अंग काढून घेतलंय आणि दुपारी ऊन चटके द्यायला लागलंय. घराच्या गच्चीवरून परवा एक मधुबाज बराच वेळ चढत चढत दिसेनासा झाला, तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. जॉर्जियात बाटुमीला लोक शरद ऋतूत टेकडीवर बसून स्थलांतर करणारे शिकारी पक्षी मोजतात. एका हंगामात आकडा दहा लाखांच्या पुढे जातो. अमेरिकेत हॉक माउंटनवर तर १९३४ पासून हे चालू आहे. आधी त्याच डोंगरावर लोक मजा म्हणून ससाणे-गरुड गोळ्या घालून पाडायचे. रोझाली एज नावाच्या बाईंनी डोंगरच ताब्यात घेतला आणि राखणदार बसवला.

आपल्याकडे सह्याद्रीची एवढी लांबलचक धार आहे, तर साताऱ्यात असं काही का होऊ नये? चार-पाच जण, दुर्बिणी, एक वही. जागा मला तीन सुचतात: अजिंक्यतारा, यवतेश्वर आणि चाळकेवाडीचं पठार. कुठे बसावं, कधी बसावं, कोणाला अनुभव आहे का? माझ्याकडे ८ बाय ४२ची दुर्बीण आहे, टेलिस्कोप नाही.

खवचट_खंडू
अजिंक्यताऱ्यावर सकाळी चालायला येणारे मोजा. बाटुमीचा विक्रम पहिल्या आठवड्यात मोडेल.

भुईकमळ
खंडू 😂 त्यातले निम्मे मंगळाईपर्यंत जाऊन वडापाव खाऊन परत येतात, त्यांचा वेगळा रकाना करा.

वारादादा, धागा छान. वाचतेय.

रानवाटसरू
विषय आवडीचा आहे म्हणून जरा लांबण लावतो.

बाटुमीला एवढे पक्षी दिसतात त्याचं कारण भूगोल आहे. एका बाजूला काळा समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि मध्ये चिंचोळी पट्टी. गरुड, बझर्ड, मधुबाज हे रुंद पंखांचे पक्षी फार पंख मारत नाहीत. जमीन तापली की गरम हवा वर चढते, त्या हवेत गोल फिरत ते उंची गाठतात आणि मग पुढे घसरत जातात. पाण्यावर अशी हवा चढत नाही, म्हणून ते समुद्र टाळतात आणि किनाऱ्याकिनाऱ्याने सगळे त्या पट्टीत कोंडले जातात. मेक्सिकोत व्हेराक्रूझला हेच, तुर्कस्तानात बॉस्फरसला हेच. नेपाळमध्ये पोखऱ्याजवळ थूलाखर्कला हिमालयाच्या अंगाने स्टेप गरुड पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना मोजतात, कारण तिथे डोंगरच त्यांना वाट आखून देतो.

आपल्याकडे तशी कोंडी नाही. पक्षी सगळ्या दख्खनवर पसरून येतात. शिवाय बहुतेक इथून पुढे जात नाहीत, हिवाळा काढायलाच इथे आलेले असतात. म्हणजे यवतेश्वरावर बसलात तर दिवसभरात दोन खरुच्या (छोटे ससाणे), एक सापमार गरुड, एखादी बहिरी आणि भरपूर घारी. आनंद मिळेल, आकडा मिळणार नाही.

नाना_कोरेगावकर
रानवाटसरूंशी सहमत. पण आनंदही काही कमी नाही हो.

माणदेशी_गडी
वाटसरू सायबांनी बरोबर सांगितलं. आता आमचं ऐका. गडावर मान वर करून बसू नका, आमच्याकडं या. माण, खटाव, तिकडं सांगलीकडचं आटपाडी आणि जत, ह्या पट्ट्यात जिथं गायरान शिल्लक आहे तिथं संध्याकाळी जाऊन गप उभं राहायचं. दसऱ्याच्या आगेमागे हॅरियर, म्हणजे भोवत्या, यायला लागतात. दिवसभर एकेकटा माळावरनं, ज्वारीवरनं खालून खालून हिंडतो, पण रात्रीला सगळे एका जागी गवतात झोपतात. झाडावर नाही, जमिनीवर. आमच्या थोरल्या काकाला ती जागा ठाऊक, कारण पहाटे मेंढरं तिकडनं काढली की गवतातनं एकदम उठायचे. त्याला नाव-गाव काही माहीत नाही, पण कुठल्या साली जास्त होते आणि कुठल्या साली कमी, ते बोटावर सांगतो.

मोजायचं तर ते मोजा. एका जागी येतात, दिवस मावळायला येतात, आणि मार्चपर्यंत राहतात.

यवतेश्वरी_वारा
माणदेशी दादा, हे मला नवीनच. हॅरियर मी पाहिलाय, पण एकेकटाच. किती वाजता जायचं? अंधारात मोजायचं कसं? आणि नर-मादी, जाती ओळखायच्या कशा?

मायणीची_मैना
मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी आहे आणि कॉलेजच्या प्रकल्पासाठी हे थोडं केलंय, म्हणून लिहिते.

सूर्यास्ताच्या दीड तास आधी जागेवर हवं. ऑक्टोबरअखेर म्हणजे साडेचारला. झोपण्याच्या जागेपासून तीन-चारशे मीटर तरी लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, आणि बसून. उभं राहू नका, माळावर उभा माणूस फार लांबून दिसतो. पक्षी थेट जागेवर उतरत नाहीत. आधी आजूबाजूच्या ढेकळांवर, बांधावर बसून राहतात, मग उजेड जाता जाता उठतात, घिरट्या घालतात आणि गवतात शिरतात. शिरलेला पुन्हा उठतो आणि दुसरीकडे बसतो. तिथेच आकडा फुगतो. म्हणून माणसं वाटून घ्यायची: एकाने पूर्व, एकाने उत्तर असं, आणि प्रत्येकाने आपल्या दिशेकडून आत गेलेले आणि बाहेर आलेले वेगवेगळे लिहायचे. शेवटी बेरीज-वजाबाकी. दर दहा मिनिटांना नवी ओळ.

ओळख: आपल्याकडे मुख्य तीन. पांढुरक्या भोवत्याचा नर अगदी फिकट, पंखाच्या टोकाला काळी निमुळती पाचर. माँटेग्यूच्या भोवत्याचा नर जास्त राखाडी आणि पंखावर वरच्या बाजूने आडवी काळी रेघ. या दोघांच्या माद्या आणि पिल्लं तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. संध्याकाळच्या उजेडात त्यांच्यात फरक करायचा हट्ट धरू नका, "माँटेग्यू किंवा पांढुरका" एवढं लिहून मोकळं व्हा. दलदली भोवत्याची मादी गडद चॉकलेटी, डोकं मळकट पिवळं. तो तळ्याकाठच्या पाणगवतात जास्त.

सर्वात महत्त्वाचं: झोपण्याच्या जागेत पाय ठेवायचा नाही. सकाळी सगळे उडून गेल्यावर, तेही आठवड्यातून एकदा, गवतात पडलेल्या गोळ्या उचलता येतात. न पचलेलं सगळं ते गोळी करून तोंडातून टाकतात. फोडल्या की टोळांचे पाय, उंदराचे केस, कधी छोट्या पक्ष्याची पिसं असं सापडतं.

खवचट_खंडू
म्हणजे आधी पक्षी मोजायचे, मग त्यांची ओकारी चिवडायची. छंद झकास आहे. सोबत डबा आणायचा का?

मायणीची_मैना
आणा, पण गोळ्यांच्या डब्यावर नाव लिहा. आमच्या खोलीत एकदा मुखवासाच्या डबीशेजारी ठेवली होती.

शिवार
माफ करा, पण एक प्रश्न. पक्षी मोजून द्राक्षाला भाव वाढणार आहे का? तुम्ही दरवर्षी वहीत आकडे लिहाल, कमी झाले म्हणून हळहळाल, आणि मग? तासगावात ऑक्टोबर छाटणी सुरू आहे, डाऊनी रोगाच्या भीतीने आमची झोप उडालीय. कोणी आम्हाला मोजत नाही.

रानवाटसरू
शिवार, राग येऊ देऊ नका, तुमचा प्रश्न रास्त आहे. उत्तर गिधाडांचं देतो.

भरतपूरच्या केवलादेवमध्ये डॉ. विभु प्रकाश यांनी ऐंशीच्या दशकात गिधाडं मोजून ठेवली होती. नव्वदच्या दशकात पुन्हा मोजली तेव्हा धक्का बसला. ती जुनी मोजणी नसती तर "पूर्वी बरीच असायची बुवा" यापलीकडे कोणाला काही म्हणता आलं नसतं. मग शोध सुरू झाला, जनावरांना वेदनाशामक म्हणून देत ते डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांना मारत असल्याचं २००४ मध्ये प्रसिद्ध झालं आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त गेली होती. ज्याने पहिल्यांदा मोजली त्याला काही पुढचं औषधाचं प्रकरण दिसत नव्हतं.

आणि गिधाडं गेल्याचा फटका शेतकऱ्यालाच बसला. मेलेलं जनावर गावाबाहेर टाकलं की दुपारपर्यंत सांगाडा उरायचा. आता कुत्र्यांची टोळी असते.

शिवार
हे मान्य. आमच्या लहानपणी ओढ्याकडेला बसलेली असायची, भीती वाटायची.

पवनपुत्र
चाळकेवाडीचं नाव निघालंच आहे तर सांगतो. तिथे बसून मोजायचा विचार सोडा. त्या पठारावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेला भाग आणि नसलेला भाग यांची तुलना केली, तर चक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट निघाले. चक्क्यांखाली मात्र गळ्याला रंगीत पंखा असलेले सरडे, सारडा सुपर्बा, जास्त. खाणारेच येत नाहीत म्हटल्यावर सरड्यांची भीड चेपली, माणूस बराच जवळ गेला तरी हलत नाहीत.

म्हणजे तुम्ही चक्कीखाली बसून "शिकारी पक्षी कमी झाले" असं लिहाल, पण ते कमी झाले की फक्त तिथून सरकले, हे कळणार नाही.

ढालगावकर
पवनचक्कीला सगळेच धोपटतात. आमच्याकडं ढालगावच्या माळावर चक्क्या आल्या तेव्हा ज्या जमिनीत कुसळाशिवाय काही येत नव्हतं तिचे पैसे झाले. पोरांची शिक्षणं झाली. पुण्यात एसी लावून बसणाऱ्यांनी वीज कुठनं येते तेही मोजावं.

पवनपुत्र
ढालगावकर, चक्क्या पाडा असं मी कुठे म्हटलं? अभ्यासात काय निघालं ते सांगितलं. आणि मी पुण्यात नाही, नागठाण्यात राहतो. एसी नाही. पंखा आहे, तोही वीज असली तर फिरतो.

नाना_कोरेगावकर
शांत व्हा दोघेही. 🙏

चतुर_चाल
सगळे हॅरियरच्या मागे लागले, पण इथून खरोखर पुढे जाणारा एक पक्षी आहे ना! अमूर ससाणा. वजन जेमतेम दीडशे ग्रॅम. सायबेरिया, मंगोलिया, उत्तर चीनमधून निघतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात नागालँड-मणिपूरमध्ये लाखोंनी थांबतो, मग आपल्या डोक्यावरून अरबी समुद्र न थांबता ओलांडून सोमालियामार्गे आफ्रिकेच्या दक्षिणेला. वाटसरूंनी सांगितलेला समुद्र टाळायचा नियम याला लागू नाही, कारण याचे पंख निमुळते, हा पंख मारत जातो आणि पाठीवर वारा घेतो.

२०१२ मध्ये नागालँडच्या दोयांग धरणाजवळ जाळी लावून लाखाहून जास्त ससाणे मारले गेले होते. बभ्रा झाला, पांगती आणि आसपासच्या गावांनी शिकार बंद केली आणि पुढच्याच वर्षी एकही मारला गेला नाही. २०१३ च्या नोव्हेंबरात तिघांना उपग्रह-ट्रान्समीटर लावले. नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती.

सह्याद्रीवरून ते जातात साधारण नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरात. तेव्हा यवतेश्वर किंवा कासच्या धारेवर बसण्यात अर्थ आहे, पण फार उंचावरून गेले तर काहीच दिसत नाही. दिसले तर थवाच दिसतो. नर राखाडी, पंखाच्या आतली बाजू पांढरी, बुडाशी तांबूस. त्याच काळात चतुरही समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातात आणि ससाणे वाटेत त्यांच्यावर ताव मारत असावेत असा एक कयास आहे. माझं हे टोपणनाव त्यावरूनच.

भुईकमळ
चतुर! हे सगळं माहीत नव्हतं. अंगावर काटा आला.

यवतेश्वरी_वारा
वा, म्हणजे गडही सुटला नाही. चतुर_चाल, थवा उंच असेल तर मोजायचा कसा? घिरट्या घालताना तर सगळे एकमेकांत मिसळतात.

चतुर_चाल
घिरट्या घालताना मोजायचंच नाही. चढू द्यायचं. वर पोचले की एकामागून एक रांगेने घसरत निघतात, तेव्हा मोजायचे. फार असतील तर दहा-दहाचे गठ्ठे. हातात बस-कंडक्टरसारखं काही नको, दोनशे रुपयांचा क्लिकर मिळतो, अंगठ्याने दाबायचा आणि डोळे वरच ठेवायचे. वहीत बघायला मान खाली घातली की रांग चुकली.

खवचट_खंडू
आमच्या शेजारच्या काकू जपाला वापरतात तो? मागून आणतो. पुण्य कोणाच्या खात्यात जाईल ते आधी ठरवा.

कृष्णाकाठ_मिरज
मला इथे वेगळं बोलायचंय. दंडोबाच्या डोंगरावरून मी वर्षानुवर्षं खाली बघतोय. पूर्वी पायथ्यापासून कवठेमहांकाळकडे नजर टाकली की पिवळं, पिवळं आणि पिवळं. आता हिरवे चौकोन. टेंभू आणि म्हैसाळ उपसा योजनांचं पाणी आलं. ज्यांच्या आज्या टँकरच्या रांगेत म्हाताऱ्या झाल्या त्यांच्या दारात ऊस आणि द्राक्षं आहेत. यावर पक्षीप्रेमींनी नाक मुरडलं तर लोक दुर्बिणी फोडतील, आणि बरोबरच करतील.

पण भोवत्याचं पोट टोळांवर आणि उंदरांवर. बाजरी-ज्वारी-मटकीच्या रानात, पडकात ते मिळतात. फवारलेल्या बागेत टोळ नाहीत आणि मांडवात याला उडता येत नाही. सबब तो सरकत सरकत जतकडे गेला असावा असं मला वाटतं. "असावा" म्हणतो, कारण मोजलं कोणी नाही.

ज्या जमिनीला पाणी पोचणारच नाही, जे गायरान आजही गायरान आहे, तिथे तरी खड्डे खणून झाडं लावू नका एवढं मागणं आहे. माळ म्हणजे मोकळी पडलेली जागा असं समजून दर पावसाळ्यात रोपं, फलक आणि फोटो. पुढच्या उन्हाळ्यात रोपं वाळतात, पण तोवर कुसळी-मारवेल उकरून निघालेलं असतं. शाळेच्या पोरांना हौसेने नेतात, त्यांचा काय दोष.

शिवार
काठावरचे दादा, मांडवात उडता येत नाही हे खरं. पण माझ्या बागेच्या कडेला थोडी शाळू असते, वैरणीपुरती. तिथे डिसेंबरात हा खालून खालून जाणारा पांढरट पक्षी मी बघितलाय. आम्ही त्याला घारच म्हणायचो. मैनाताईंनी लिहिलं तसं पंखाचं टोक काळं. एवढं जवळून जातो की डोळा दिसतो.

मायणीची_मैना
शिवारदादा, डोळा पिवळा होता का? मोठ्या नराचा पिवळाच असतो. तो बहुधा पांढुरका. तुमच्या रानात किती वाजता येतो आणि कुठल्या दिशेला निघून जातो एवढं बघाल का? झोपायची जागा अशाच दिशा जोडून सापडते. तासगावहून एक रेघ, आटपाडीहून एक, जिथे मिळतात तिकडे जाऊन बघायचं.

शिवार
पिवळा. बघतो. संध्याकाळी बागेतच असतो मी.

खवचट_खंडू
आला! सर्वात मोठा विरोधक निरीक्षक झाला. द्राक्षाची पेटी मोजणीदारांना लागू आहे का?

शिवार
फेब्रुवारीत या. निर्यातीतून उरली तर.

गवतातला_ससा
एक कळकळीची विनंती. जागा सापडली तर गावाचं नाव इथे टाकू नका. एका ठिकाणी अशी जागा जाहीर झाली आणि पुढच्या रविवारी पाच गाड्या थेट गवतात, हेडलाइट लावून. पक्षी त्या हंगामात परत आले नाहीत. तालुका लिहा, बस.

नाना_कोरेगावकर
मला पटत नाही. लपवून ठेवलं तर उद्या तिथे काही उभं राहील तेव्हा "इथे पक्षी आहेत" हे सांगणार कोण? नोंद ई-बर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर हवी, तारीख-वेळेसकट.

गवतातला_ससा
नाना, नोंद करा, नकाशावर खूण लांबच्या रस्त्यावर ठेवा. आणि एक प्रत ग्रामपंचायतीला द्या. गावाला माहीत हवं, समाजमाध्यमांना नको. दोन्ही साधतं.

माणदेशी_गडी
हे बेस. काकाला विचारलं. म्हणाला दाखवतो, पण गाडी वस्तीवर लावायची आणि पुढं चालायचं. आणि गवत कापायच्या आत या. एकदा कापणी झाली की ते दुसरीकडं जातात, मग शोधत बसा. दिवाळीनंतर आमच्यातले काही कळप घाटाखाली निघतात, काका पण जाईल, मग वाट दाखवायला मी एकटाच.

यवतेश्वरी_वारा
ठरलं तर. दिवाळीच्या आधीचा शनिवार, संध्याकाळची मोजणी माणमध्ये. महिन्यातून एकदा, तीच जागा, तीच वेळ, मार्चपर्यंत. नोव्हेंबर संपताना दोन रविवार यवतेश्वराच्या धारेवर अमूरसाठी, सकाळी नऊ ते दुपारी दोन. मैना, तक्ता तू बनवशील का? साताऱ्याहून कोरेगाव-पुसेगावमार्गे जाऊ. माझ्या गाडीत तिघांची जागा आहे.

मायणीची_मैना
तक्ता बनवते. रकाने: वेळ, दिशा, आत, बाहेर, पांढुरका नर, माँटेग्यू नर, दलदली, आणि "माँटेग्यू किंवा पांढुरका". वारा आणि ढग वर लिहायचे. शून्य आलं तरी शून्य लिहायचं, रिकामं सोडायचं नाही. मी मायणीहून थेट दहिवडीला येईन.

भुईकमळ
मी वाईहून. कोणी महामार्गावरून येणार असेल तर भुईंज फाट्यावर उभी राहते. दुर्बीण नाही माझ्याकडे, चालेल?

चतुर_चाल
चालेल. लिहायला एक माणूस लागतोच, आणि त्याला दुर्बीण असली तर तो लिहीत नाही. पुण्याहून येतोय, तीन वाजता भुईंजला. पण मग माणला साडेचारला पोचत नाही आपण. अडीच करू.

भुईकमळ
अडीच. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आणते.

खवचट_खंडू
दशम्या? मग मीपण येतो. क्लिकर काकूंकडून मिळाला, पण एकशे आठ झाले की शून्यावर येतो.